वाळूसाठी बिऱ्हाड

माणसं बिऱ्हाड का हलवतात, याची कारणं आपल्याकडे ठरलेली आहेत. बदली होते. मुलाची दहावी येते आणि शाळा जवळ हवी असते. तिसरा मजला गुडघ्यांना झेपेनासा होतो. पाण्यापायी तर गावंच्या गावं हलली आहेत. पण बरं चाललेलं घर, ओळखीचे शेजारी, महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी अंकाचं संपादकपद हे सगळं सोडून जवळजवळ चार हजार किलोमीटर लांब राहायला जायचं आणि ते का, तर तिकडची वाळू मोटरसायकलला चांगली म्हणून, असं करणारा माणूस आमच्या नात्यात एकच निघाला. माझा मावसभाऊ. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो.

दादा न्यू जर्सीत एडिसनला होता. त्या राज्याच्या दक्षिणेला पाइन बॅरन्स नावाचं मोठं जंगल आहे. तिथली जमीन रेताड. रस्ता सोडून मोटरसायकल चालवण्याचं हे खूळ दादाच्या डोक्यात तिथेच शिरलं, आणि तेही पन्नाशीच्या उंबरठ्यावर, जेव्हा बाकीची माणसं ट्रेडमिल घेऊन त्यावर कपडे वाळत घालतात. मग झाडं फार दाट वाटू लागली, वाटा अरुंद वाटू लागल्या, हिवाळ्यातला बर्फ तर वैयक्तिक अपमान वाटू लागला. एका रविवारी त्याने वहिनींना ॲरिझोनाचा नकाशा दाखवला. वहिनींना वाटलं, सहल आहे.

नाशिकच्या मावशीला बातमी सगळ्यात शेवटी कळली. तिचा पहिला प्रश्न अपेक्षित होता. “वाळवंटात? अरे, पाण्याची सोय काय?” दादाने सांगितलं की कोलोरॅडो नदीचं पाणी ५४० किलोमीटर लांबीच्या कालव्याने फिनिक्सच्या पलीकडे टूसॉनपर्यंत नेलेलं आहे. “म्हणजे टँकर नाही ना?” नाही. “मग ठीक आहे.” खड्ड्यांचा विनोद इथे कुणीतरी करणार हे वाचकांनी ओळखलंच असेल, तो मावशीने केला. ती म्हणाली, खडबडीत रस्त्यावर गाडी चालवायला अमेरिकेत घर कशाला बदलतोस, आमच्या कॉलनीत ये.

घर शोधताना दोन याद्या होत्या. वहिनींना फिनिक्सला लागून असलेल्या चँडलरजवळ राहायचं होतं, कारण तिथे इंटेलचे चिप बनवणारे कारखाने आहेत, त्यामुळे आपली माणसं आहेत, त्यामुळे कढीपत्ता आहे. दादाच्या यादीत गॅरेज आणि वाळवंट एवढंच. शेवटी फिनिक्सच्या आग्नेय टोकाला घर मिळालं. वाळवंट पंधरा मिनिटांवर, कढीपत्ता पस्तीस.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते गॅरेज पाहिलं. घर त्याच्या मागे आहे. गाडी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे जे येतं त्यातलं फारसं काही तिथल्या गाडीला नव्हतं. ना साइड मिरर, ना डिकी, ना साडी गार्ड. सगळा खर्च चाकं आणि बॉडी यांच्यामधल्या जागेवर केलेला. सस्पेन्शन तीनशे मिलिमीटर खाली-वर होतं, त्यामुळे सीट दादाच्या कमरेपर्यंत येते. दादाची उंची आमच्या घराण्याची. तेव्हा वाळवंटात थांबायचं झालं की तो आधी बेताचा एखादा दगड शोधतो, त्याच्या शेजारी गाडी नेतो आणि दगडावर पाय टेकतो. दगड नसला तर थांबत नाही.

वाळूत गाडी चालवण्याची रीत रस्त्याच्या रीतीच्या बरोबर उलटी आहे, आणि मला सगळ्यात मजा आली ती इथे. टायरमधली हवा कमी करायची, म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाही. बसायचं नाही, फूटरेस्टवर उभं राहायचं आणि वजन मागे टाकायचं. पुढच्या चाकाकडे बघायचं नाही. बघितलंत की तिथेच पडलात. नजर लांब, जिथे जायचंय तिथे. पुढचा ब्रेक विसरायचा. आणि मुख्य म्हणजे भीती वाटली की वेग कमी करायचा नाही, रेस वाढवायची. हळू गेलं की पुढचं चाक वाळू नांगरायला लागतं. जोरात गेलं की ते वर तरंगतं. हँडल तर घट्ट धरायचंच नाही. ते दोन्ही बाजूंना वळवळतं, त्याला वळवळू द्यायचं. “गाडीला वाट कळते, आपण मध्ये पडायचं नाही,” असं दादा मला गंभीरपणे सांगत होता. हा तोच माणूस, जो माझ्या मुलीच्या लग्नात वाढप्यांच्या मागे उभा राहून जिलब्या मोजत होता.

वाळवंट म्हटल्यावर मी जैसलमेरच्या टेकड्या डोळ्यांपुढे आणल्या होत्या. हे सोनोरन वाळवंट तसं नाही. इथे झाडी आहे, फक्त ती सगळी चिडलेली आहे. पालो व्हेर्दे नावाचं झाड पानांचा भरवसा न धरता हिरव्या खोडावरच अन्न तयार करतं. साग्वारो नावाचा खांबासारखा निवडुंग पहिला हात फुटायला पन्नास-पाऊणशे वर्षं घेतो, आणि त्याला इजा केली तर कायद्याने शिक्षा होते. आणि एक चोया. या निवडुंगाचे तुकडे नुसत्या धक्क्याने सुटून अंगाला चिकटतात. बोटाने काढायला जावं तर बोटाला चिकटतात. ते काढायचं नामी साधन म्हणजे केसांचा कंगवा. दात खाली घालायचे आणि झटक्यात उडवायचं. दादाच्या डोक्यावर गेली दहा वर्षं केस नाहीत. त्याच्या खिशात कंगवा सापडला तेव्हा वहिनींनी दोन दिवस अबोला धरला होता.

उन्हाळ्यात मात्र हे सगळं बंद. २०२३ मध्ये फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर होता. अशा दिवसांत दादा ट्रेलरवर गाडी चढवतो आणि दोन हजार मीटर उंचीवर फ्लॅगस्टाफच्या बाजूला जातो. तिथे हवा गार असते. तिथे काय आहे? पाइनचं जंगल. हे मी बोलून दाखवलं तर म्हणाला, “पण हे पाइन वेगळे.”

हे वेड दादाने काढलेलं नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. शेजारच्या मोहावे वाळवंटात १९६७ पासून बारस्टो ते लास वेगास अशी शर्यत होत असे. हजारो गाड्या एका रांगेत इंजिनं बंद करून उभ्या राहायच्या. समोर रस्ता नाही, खूण नाही. लांबवर धुराचा एक लोट. इशारा झाला की किक मारायची आणि सगळ्यांनी त्या धुराकडे सुटायचं. मधली काही वर्षं ती बंद पडली, पुन्हा सुरू झाली आणि १९८९ नंतर कायमची थांबली. ती थांबवण्यात मोठा वाटा होता कासवाचा. मोहावेतलं जमिनीवरचं कासव सरकारने संकटग्रस्त ठरवलं, आणि त्याच्या बिळांवरून हजारभर गाड्या नेणं अशक्य झालं.

यावर दादाचे मित्र अजून हळहळतात. मला कासवाचं म्हणणं पटतं. वाळवंटाची जमीन वरून मुर्दाड दिसते, पण काहीएक विसरत नाही. दुसऱ्या महायुद्धात जनरल पॅटनने १९४२ मध्ये त्या भागात रणगाड्यांचा सराव सुरू केला. त्या रणगाड्यांच्या चाकोऱ्या आजही दिसतात. म्हणून आखलेल्या वाटेवरूनच जायचं, परवाना काढायचा, काही ठिकाणी तर फाटकाच्या कुलपाचा आकडा परवान्याबरोबर मिळतो. कासवांच्या मुलखात उभी गाडी हलवण्याआधी वाकून खाली बघायचं. सावलीला येऊन बसलेलं असतं. आणि दिसलं तर उचलायचं नाही. ते घाबरलं की साठवलेलं पाणी मूत्राशयातून सोडून देतं, आणि ते पाणी त्याच्या अनेक महिन्यांची बेगमी असतं.

वाटा कमी होतात याला कासव एकटं जबाबदार नाही. दादाने घर घेतलं तेव्हा गल्ली संपली की तारेचं कुंपण आणि पलीकडे वाळवंटापर्यंत मोकळं रान होतं. ती जमीन राज्याच्या ट्रस्टची. ॲरिझोनातल्या अशा जमिनींची व्यवस्था मोठी गमतीची आहे: सार्वजनिक शाळांना पैसा मिळावा म्हणून त्या राखून ठेवलेल्या आहेत आणि वेळ आली की लिलावात विकल्या जातात. ही विकली गेली. आता तिथे वसाहत आहे, तिला निवडुंगाचं नाव आहे आणि नवी माणसं तिथे राहायला आली आहेत ती जवळ चांगली शाळा निघाली म्हणून. शाळेसाठी बिऱ्हाड हलवणाऱ्यांनी वाळूसाठी बिऱ्हाड हलवणाऱ्याला शेवटी गाठलंच. वाळवंट आता पंधराऐवजी तीस मिनिटांवर गेलं आहे. त्याच वसाहतीत किराणा दुकान आल्यामुळे कढीपत्ता मात्र पाच मिनिटांवर आला. वहिनी या विषयावर काही बोलत नाहीत, पण त्यांच्या आमटीला हल्ली फार सुंदर वास येतो.

दादाला धीर द्यावा म्हणून मी म्हटलं, अरे, डाकार रॅलीनेही बिऱ्हाड हलवलंच की. थिएरी साबीन नावाचा फ्रेंच माणूस १९७७ मध्ये लिबियाच्या वाळवंटात मोटरसायकलसकट हरवला, वाचला, आणि घरी जाऊन देवाला नारळ फोडायच्या ऐवजी त्याने इतरांनाही तिकडे न्यायचं ठरवलं. पुढच्याच वर्षाच्या डिसेंबरात पॅरिसहून सेनेगलमधल्या डाकारकडे पहिली रॅली निघाली. २००८ ची रॅली सुरक्षिततेच्या कारणाने रद्द झाली, तेव्हा तिने दक्षिण अमेरिका गाठली; २०२० पासून ती सौदी अरेबियात आहे. नावात डाकार तेवढं राहिलं. २०१५ मध्ये ती पूर्ण करणारा पहिला भारतीय झाला सी. एस. संतोष, तो दक्षिण अमेरिकेत. केरळच्या हरिथ नोआने २०२४ मध्ये रॅली २ गट जिंकला तो सौदीत. डाकार शहराने यातलं काहीच पाहिलं नाही. दादा म्हणाला, “बघ, म्हणजे वाळूमागे जायचंच असतं.” धीर देताना शब्द जपून वापरावेत.

माझ्या मुक्कामाच्या शेवटच्या रविवारी आम्ही एका कोरड्या ओढ्याच्या काठी बसलो होतो. वहिनींनी थर्मासमधला चहा ओतला. दादा चाकातल्या तारा तपासता तपासता कासवांचंच पुराण सांगत होता. मोहावेमधल्या फोर्ट अर्विनला लष्कराला सरावाची जागा वाढवायची होती. मध्ये कासवं. तेव्हा २००८ मध्ये शेकडो कासवं उचलून, पाठीवर छोटे ट्रान्समीटर चिकटवून, दुसऱ्या चांगल्या जागी नेऊन सोडली. त्यातली पुष्कळ कोल्ह्यासारख्या कायोटींनी खाल्ली. आणि अशी नेऊन सोडलेली कासवं नव्या जागी स्वस्थ बसत नाहीत, भटकत राहतात. काही तर सरळ जुन्या घराच्या दिशेने चालायला लागतात.

“शहाणी आहेत,” वहिनी म्हणाल्या. “मी उद्या एडिसनच्या दिशेने चालायला लागले तर?”

“चालत कशाला?” दादा म्हणाला. “मी सोडतो की.”

“अहो, तुमच्या त्या गाडीला मागे सीट तरी आहे का?”

नव्हती. पाय ठेवायलाही काही नव्हतं. दादाने गाडीकडे एकदा नीट पाहिलं आणि विषय बदलावा म्हणून यूटामधल्या घरांच्या किमती काढल्या.