चार शिक्क्यांचे भाऊसाहेब

केंद्राच्या एका कार्यालयातल्या आमच्या भाऊसाहेबांना परवा चौथा शिक्का मिळाला. रिक्त टेबलाचा अतिरिक्त कार्यभार त्यांनी ‘मूळ काम सांभाळून’ पाहावा, असा आदेश निघाला. मूळ काम लेखा लिपिकाचं; वर आस्थापना, आवक-जावक आणि आता भांडार. टेबलं चार, पगार एक.

पण शिक्का सहजासहजी मिळतो होय? मागणीपत्र आस्थापनेने भांडाराकडे पाठवायचं असतं. भाऊसाहेबांनी पाठवलं. आवक-जावकच्या भाऊसाहेबांनी त्यावर क्रमांक टाकला. भांडाराच्या भाऊसाहेबांना ते पोचलं, पण ते त्या आठवड्यात आस्थापनेत अडकले होते. मग स्मरणपत्र गेलं. मग दुसरं, जरा कडक: ‘विलंबास आपणांस व्यक्तिशः जबाबदार धरण्यात येईल.’ भांडाराने खुलासा केला, कामाचा ताण आहे. आस्थापनेने शेरा मारला, ‘खुलासा असमाधानकारक.’ शेवटी भांडाराने कळवलं, शिक्का शिल्लक नाही, आपल्या स्तरावर व्यवस्था करावी. भाऊसाहेब नाक्यावरच्या रबरस्टॅम्पवाल्याकडे गेले आणि पदरचे पैसे मोजून आले. पावती जोडून बिल लावलं, ते पूर्वपरवानगी नाही म्हणून लेख्यातून परत आलं. लेखा कोणाकडे, ते वर सांगितलंच आहे.

मोबदल्याचं विचाराल, तर मूलभूत नियम 49 वाचा. त्याच कार्यालयात, त्याच संवर्गात, त्याच वेतनश्रेणीचं दुसरं पद कितीही काळ सांभाळा, जादा दमडी नाही. दुसऱ्या कार्यालयातलं पद 45 दिवसांहून जास्त सांभाळलंत, तर दहा टक्क्यांची भाषा. त्यातही आदेशात ‘फक्त नेमी कामकाज’ असं घातलं की तेही बुडालं. तिकडे 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाने अधिनियमात दिवसाचे नऊ किंवा आठवड्याचे 48 तास उलटले की कामगाराला दुप्पट दर होता. तेव्हा भाऊसाहेब, चुकलंच तुमचं, लेथवर जायला हवं होतं.

आणि पलीकडच्या टेबलावरचे ते महाशय! ‘साहेब, मला नाही हो जमत,’ हे एकच वाक्य त्यांनी नोकरीला लागल्यापासून सांभाळलंय. त्यांना कुणी जादा काम देत नाही, कारण ते बिघडवतात. काम नाही म्हणून चूक नाही, चूक नाही म्हणून मेमो नाही, आणि कोऱ्या पाटीवर बढती झक्क बसते. पाच वाजता डबा घेऊन निघतात, वर भाऊसाहेबांना विचारतात, ‘अजून बसलायत?’ बसणार नाहीत तर काय करतील? तुमचंही टेबल तेच उपसतायत ना!

तरी देव पावला. भाऊसाहेबांचीही बढती निघाली, दुसऱ्या शहरात. कार्यमुक्त करण्याची फाइल अर्थातच आस्थापनेत आली. भाऊसाहेबांनी ती नियमानुसार तपासली आणि टिपणी लिहिली: ‘सदर कर्मचाऱ्यास कार्यमुक्त केल्यास चार टेबले एकाच वेळी रिक्त होतील. सबब पर्यायी व्यवस्था होईपर्यंत कार्यमुक्त करू नये.’ खाली सही केली आणि शिक्का मारला.