सामाईक विहीर

माझ्या लॅपटॉपला ग्राफिक्स कार्ड नाही. म्हणजे आहे, पण प्रोसेसरच्याच पोटात. इंटिग्रेटेड. विकणाऱ्याने हा शब्द इतक्या आदराने उच्चारला होता, की मला ती जादाची सोय वाटली.

भानगड कळली ती लेकाच्या मोटारींच्या गेममुळे. असा गेम अगदी सुरळीत दिसायला सेकंदाला साठ चित्रं असावीत, म्हणजे एका चित्राला साधारण १७ मिलिसेकंद. माझ्याकडे सेकंदाला अकरा यायची. गाडी वळवावी तर आधी भिंत यायची, मग वळण. "बाबा, सेटिंग्ज कमी कर," लेक म्हणाला. केली. सावल्या बंद, गवत बंद, पाण्यातली प्रतिबिंबं बंद. रिझोल्यूशन १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० वर, म्हणजे वीस लाख ठिपक्यांचे नऊ लाख. गाडी पळायला लागली खरी. पण ते झगमगतं शहर आता वैशाखातल्या माणदेशासारखं दिसत होतं. झाड नाही, पाणी नाही, सावली नाही. नुसता मी आणि ती कोट्यवधींची गाडी.

लेकाने कीव येऊन मला 'स्टारड्यू व्हॅली' लावून दिला. आजोबांची पडीक शेती नातवाला मिळते आणि तो नोकरी सोडून गावी येतो, असा गेम. लॅपटॉपने हूं की चूं केलं नाही. त्यामुळे रोज रात्री, सगळे झोपल्यावर, मी मेलबर्नजवळच्या वेरिबीतल्या आमच्या स्वयंपाकघरात बसून फ्लॉवर लावू लागलो. मागच्या अंगणात खरा वाफा आहे. त्यात कोथिंबीर लावायचं मी बायकोला तीन वर्षांपूर्वी कबूल केलंय. तो विषय वेगळा.

जूनमध्ये अण्णा, म्हणजे माझे वडील, आले. तिकीट स्वस्त मिळालं म्हणून मी त्यांना ऐन पेरणीच्या तोंडावर जुन्नरहून उचलून आणलं, ही माझी चूक. इथे जून म्हणजे थंडी. अण्णा कानटोपी घालून हीटरपाशी बसायचे आणि दर तासाला गावी फोन करून पाऊस विचारायचे. चौथ्या दिवशी त्यांना हिंडवावं म्हणून डंकन्स रोडने वेरिबी साउथला नेलं. मेलबर्नकर आमच्या गावाच्या नावाने नाक धरतात, कारण शहराचं सांडपाणी शंभराहून जास्त वर्षं इकडेच येतं. पण समुद्राकडे गेलात की फ्लॉवर, ब्रोकोली आणि लेट्यूसची रानंच रानं. बरीचशी इटलीहून आलेल्या कुटुंबांनी वाढवलेली. अण्णा गाडीतून उतरले, कुंपणाशी उभे राहिले आणि आल्यापासून पहिल्यांदा हसले.

"पाणी कुठलं?"

"तेच, शहराचं. शुद्ध करून देतात. २००५ पासून."

"पाळी किती दिवसांनी?"

हे मला माहीत नव्हतं. अण्णांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती बारावीच्या निकालानंतर मी थेट आत्ताच पाहिली.

त्या रात्री मी लॅपटॉप उघडला. बाजूला गेम डाउनलोड होत होते, ऑफिसच्या पंचवीस खिडक्या उघड्या होत्या, त्यात लेकाने मोटारी मागे चालूच ठेवलेल्या. पंखा असा घुमला की अण्णा खोलीतून धावत आले.

"मोटर कोरडी पळतीय! बंद कर, वाइंडिंग जळंल!"

मी समजावलं. या यंत्रात हिशेब करणारा एक आणि चित्रं काढणारा एक, दोघांना मिळून एकच रॅम, म्हणजे पट्ट्यांवरची मेमरी. चित्रवाल्याला स्वतःची मेमरी नाही, सगळं त्याच एका साठ्यातून उपसायचं.

"सामाईक विहीर," अण्णा म्हणाले. आमच्या सातबाऱ्यावर ती आहे, आणि चुलत्यांशी त्यावरून १९८८ पासून बोलणं नाही. "एकानं उपसलं की दुसरा कोरडा. रॅम का काय ती, पट्टी एकच टाकलीय का?"

एकच होती, आठ जीबीची. शेजारची खाच रिकामी. शनिवारी मी तशीच दुसरी आणून बसवली. आता दोन्ही पट्ट्यांतून एकदम पाणी उपसलं जातं आणि ग्राफिक्सच्या वाट्याला धार मोठी येते. मोटारींच्या गेममध्ये थोडं गवत उगवलं. "विहिरीला दुसरी मोटर," अण्णा म्हणाले. मला हे कळायला सॉफ्टवेअरमध्ये वीस वर्षं काढूनही आधी लेक लागला आणि मग वडील.

मग त्यांनी लॅपटॉपच घेतला. एक तर तो गरम असतो, मांडीवर शेगडीचं काम करतो. दुसरं म्हणजे माझी शेती त्यांना बघवेना. "फ्लॉवर बारा दिवसांत? आपल्याकडं अडीच-तीन महिने लागतात. युरिया मारलाय." बुजगावणं नव्हतं, कावळ्याने रोप खाल्लं होतं, ते त्यांनी आधी उभारलं. वाफे आखले, ओळीने रोपं लावली, कोंबड्यांचं बघितलं. लॅपटॉप बंद केला की तिथला काळही थांबतो, हे कळल्यावर मात्र ते बराच वेळ गप्प बसले.

"म्हंजे आपण नसलो तर पीक वाट बघतंय?"

"हो."

"मग ह्या धंद्यात बुडतो कोण?"

गेम कुणी केला, हे त्यांनी विचारलं. एरिक बॅरोन नावाच्या अमेरिकी तरुणाने, चार-साडेचार वर्षं खपून, चित्रं, संगीत, सगळं एकट्याने करून २०१६ मध्ये आणला, हे सांगितलं. "गडी नाही, बैल नाही," अण्णा म्हणाले, आणि पुन्हा पाणी घालायला लागले.

या गेममध्ये तीन बाय तीनच्या चौकोनात फ्लॉवर लावला, रोज पाणी दिलं आणि नशीब जोरावर असलं, तर नऊ रोपांचा मिळून एकच अवाढव्य गड्डा होतो. मला वर्षभरात झाला नाही. अण्णांना तिसऱ्या आठवड्यात झाला. माझी मीटिंग चालू होती. त्यांनी आरोळी ठोकली, ती सिडनीपर्यंत सगळ्यांनी ऐकली. मग त्यांनी गावी फोन लावला. धाकट्या काकांना गड्ड्याचं माप हातवारे करून सांगितलं. फोनवर हात दिसत नाहीत, ते राहिलंच. पलीकडून काका विचारत होते, बियाणं कुठल्या कंपनीचं, आपल्याकडं येईल का.

अण्णांनी फोनवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. मग हात काढला.

"कंपनी-बिंपनी नाही," ते म्हणाले. "एकट्या माणसाचं वाण हाय."