हबीबी, चल सिल्वासा!

दुबईचं स्थळ आलं की सिल्वासातल्या मराठी घरात आधी पगार विचारतात, मग फ्लॅट स्वतःचा की भाड्याचा ते विचारतात. पोहे संपेपर्यंत एखादी आत्या नवरीला म्हणतेच, ‘‘आता तू अरबी शिकणार बाई!’’ आत्याबाईंना दुबई ठाऊक नाही. पोरगी मल्याळम शिकणार आहे.

इमारतीखालचा किराणा मलबाऱ्याचा, टॅक्सीवाला पेशावरचा, नर्स कोट्टायमची आणि बँकेतली मुलगी मनिलाची. अमिरातीत खुद्द अमिराती माणूस दहांत जेमतेम एक. तो गाठ पडलाच तर फर्डं हिंदी बोलतो. आपले सिनेमे त्यानं आपल्याइतकेच पाहिलेत. त्याच्या आजोबांच्या खिशात तर रुपयाच होता. 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळ्या नोटा छापल्या आणि 1966 पर्यंत त्या दुबईत चालल्या. अशा गावात अरबीवाचून कुणाचं काय अडणार? वीस वर्षांनी जावईबापू परततात ते यल्ला, हबीबी आणि इन्शाल्ला एवढी पुंजी घेऊन. वर इथं रिक्षावाल्याला हबीबी म्हणतात.

पोरांची मात्र सुटका नाही. तिथल्या खासगी शाळांत परक्या मुलांनाही नववीपर्यंत अरबी सक्तीची आहे. पोरगं उजवीकडून डावीकडे झरझर वाचतं, पेपरात नव्वद मार्क आणतं आणि शेजारच्या अरब मुलाशी इंग्रजीत भांडतं. बिचाऱ्याचा दोष नाही. पुस्तकातली अरबी बातम्यांची आणि भाषणांची. घरात ती कुणीच बोलत नाही. घरातली अरबी कुवेतची वेगळी, कैरोची वेगळी, आणि मोरोक्कोवाला तोंड उघडतो तेव्हा कैरोवालाही कान टवकारतो.

बोलती अरबी येते ती अरबाच्या घरात कामाला असणाऱ्या मोलकरणीला, ड्रायव्हरला आणि वाळवंटात बकऱ्या राखणाऱ्याला. क्रियापदं चालवायच्या भानगडीत ते पडत नाहीत, आणि ‘माफी’ (म्हणजे ‘नाही’) या एका शब्दावर जगातले सगळे नकार भागवतात. भाषाशास्त्रज्ञांनी या बोलीवर शोधनिबंध लिहिलेत. बोलणाऱ्यांना पगारवाढ मिळाल्याचं ऐकिवात नाही.

आणि येते ती अरब घरात पडलेल्या परदेशी सुनेला. तिचं विद्यापीठ म्हणजे सासू. मासळीच्या भावाची घासाघीस, पोरांवर ओरडणं, जावांची उणीदुणी, सगळं अस्खलित. वर्तमानपत्राचा मथळा मात्र वाचता येत नाही. अरबीत ‘तू’सुद्धा बाईला वेगळा आणि पुरुषाला वेगळा. दिवसभर कानावर बायकी ‘तू’ पडलेली नवी सून सासऱ्यांना बिनदिक्कत ‘कधी आलीस?’ विचारते. सासरे बहुधा हसतात. कॉलेजातून पदवी घेतलेला पंडित एवढं हसू एका वाक्यात मिळवून दाखवील तर शर्थ!

आपल्या किनाऱ्यावर परक्याची भाषा उचलायचा हा धंदा उलट दिशेनं चालायचा: अरब इकडे यायचे. सिल्वासाहून गाडीनं तासाभरावर संजाण. पालघरच्या चिंचणीला सापडलेला 926 सालचा ताम्रपट सांगतो की राष्ट्रकूटांनी हे संजाण मंडल एका ताजिकाला, म्हणजे अरबाला, सोपवलं होतं. त्याचं नाव मधुमती. मूळचा मुहम्मद, पण संस्कृत लेखात बसायचं तर मधुमती व्हावं लागलं आणि तो झालाही. या साहेबानं नदीवर फुकट नावा ठेवल्या, अन्नछत्रात साळीचा भात, कालवण आणि तूप वाढलं आणि देवीच्या मठाच्या दानाला संमती दिली. त्याच सुमारास, 916च्या आसपास, अरब प्रवासी अल्-मसूदी कोकणातल्या चौलला आला. तिथं त्याला दहा हजारांची मुसलमान वस्ती दिसली. सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले लोक, आणि इथंच जन्मलेली त्यांची मुलं. कोकणी मुसलमान आणि भटकळचे नवायत आपली मुळं अशाच अरब दर्यावर्दींत शोधतात, पण चुलीपाशी बोलतात कोकणी. बाप गलबतावर असायचा आणि पोरं आईपाशी. भाषेचा निकाल तिथंच लागला.

आता दमणगंगेच्या काठी, आपल्या सिल्वासात या. पोर्तुगीज इथं 1783 ला आले आणि 1954 ला गेले. त्यांच्यातल्या किती जणांना इथल्या आदिवासींची वारली बोली येत होती, हे विचारायला आपण जरा बिचकावं, कारण नंतर आलेले आपणच. करसवलतीमागून कारखाने आले, कारखान्यांमागून गुजराती, मराठी, बिहारी, ओडिया. घरं झाली, लग्नं झाली, नातवंडं झाली. 2011च्या जनगणनेत दादरा-नगर हवेलीतले निम्म्याहून जास्त लोक आदिवासी. आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये वारली बोलणारा शोधायचा तर वॉचमनला बोलवावं लागतं. तो दुकानात गुजराती, सुपरवायझरशी हिंदी आणि मराठी शाळेत गेलेला असेल तर आपल्याशी मराठी बोलतो. फॉर्म इंग्रजीत असेल तर तोही भरून आणतो. आपण त्याला ‘अडाणी’ म्हणतो, तेही त्याला कळेल अशा भाषेत.

अमिरातीही आल्यागेल्याशी हिंदीत बोलतो म्हणा. पण इमारत त्याच्या नावावर असते, भाडं त्याला जातं, आणि त्याच्या भाषेत नापास झालं तर पाहुण्याच्या पोराच्या प्रगतिपुस्तकावर लाल रेघ येते. सिल्वासातल्या कुठल्या इंग्रजी शाळेत वारलीत नापास व्हायची सोय आहे, ते कुणी कळवलं तर पुढच्या आठवड्यात आनंदानं छापू.