भरती, ओहोटी आणि स्पूलर

हिंदमाताला पाणी भरलं की मुंबईकर आधी भरतीची वेळ बघतो. वरून पाऊस आणि समोर चढलेला समुद्र, मग या सखल बशीतलं पाणी जाणार कुठे? मात्र 31 जुलैला इथल्या एका करसल्लागाराच्या कचेरीत तुंबली ती छपाई. विवरणपत्रांची शेवटची तारीख, प्रिंटर ढिम्म, आणि कोपऱ्यातला सर्व्हर चटणी वाटणाऱ्या मिक्सरसारखा घरघरतोय.

हेडक्लार्क काकांनी प्रिंटरला दोन थापट्या मारल्या. कागद काढून, झटकून, पुन्हा घातला. उदबत्ती तेवढी राहिली.

आयटीवाला मुलगा चपला हातात घेऊन, गुडघाभर पाण्यातून आला. टास्क मॅनेजर उघडला तर प्रोसेसर 98 टक्के, आणि जवळजवळ सगळा छपाईची रांग सांभाळणारा स्पूलर खातोय.

"स्पूल म्हणजे रीळ ना?" काका खुलले. त्यांची आई परळच्या गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. 1982 च्या संपाची गोष्ट सुरू होणार, एवढ्यात मुलाने स्पूलर बंद करून चालू केला. आकडा 4 वर आला. टाळ्या पडल्या. चहा सांगितला. चहा येईपर्यंत पुन्हा 97!

कारण साधं होतं. स्पूलर प्रत्येक काम डिस्कवर लिहून ठेवतो. एका फाइलीत मजकूर, दुसरीत काम कोणाचं आणि कुठल्या प्रिंटरचं याची नोंद. बंद करून चालू केला की तो तीच रांग पुन्हा उचलतो. 2021 साली पालिकेने हिंदमाताच्या पाण्यासाठी प्रमोद महाजन कला पार्क आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्यांचं काम काढलं. भरती ओसरेपर्यंत पाणी तिथे थांबवायचं. स्पूलरचं फोल्डरही तसलीच टाकी. फक्त इथे ओहोटी लागत नव्हती, कारण रांगेच्या तोंडाशी एक बिघडलेलं काम अडकलं होतं आणि ड्रायव्हर ते पहिल्या पानापासून परत परत दळत होता.

मुलाने स्पूलर थांबवला, फोल्डर रिकामं केलं, मग स्पूलर चालू केला. चाळीतल्या भांडखोर भाडेकरूला वेगळी खोली द्यावी तसं ड्रायव्हरला वेगळ्या प्रोसेसमध्ये बसवलं. कोसळला तरी स्पूलरला घेऊन जायला नको. सर्व्हर निवला. पुन्हा पाठवलेली विवरणपत्रं भराभर बाहेर पडू लागली.

राहिला प्रश्न गुन्हेगाराचा. पुसण्याआधी मुलाने रांगेतलं नाव टिपून ठेवलं होतं: 'अहवाल फायनल नवीन फायनल', 64 पानं, पानोपानी फोटो. मालकाच्या रकान्यात 'ऑफिस'. कचेरीत सगळेच त्या एका नावाने लॉगिन करतात! प्रत्येकाने दुसऱ्याकडे पाहिलं. केबिनमधून साहेबांनी ओरडून सांगितलं, "ऑफिसचा प्रिंटर खासगी कामाला वापरायचा नाही, कितीदा सांगायचं?"

गणपतीत लालबागच्या एका मंडळाचा अहवाल कचेरीत आला. काकांनी पानं मोजली. 64. मलपृष्ठावर पानभर शुभेच्छा आणि हात जोडलेले साहेब.

काकांनी तो नोटीस बोर्डावर लावला. मलपृष्ठ दिसेल असा.