मेन कॉक

कोलंबस, ओहायो

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

इकडे सर्व खुशाल. तुमच्या जावयांनी तळघरातला पाण्याचा मेन कॉक स्वतः बदलला आणि तरीही घर कोरडं आहे.

बाबा, आपल्या गारखेड्यात हे काम किती सोपं! पाणी न येण्याचा दिवस बघायचा, आणि असे दिवस आपल्याकडे मुबलक. तिकडे नाथसागर काठोकाठ भरला तरी आपल्या नळाला त्याचं सोयरसुतक नसतं. इथे पाणी चोवीस तास, तेही दाबाने. मग मेन कॉकच बिघडला तर पाणी बंद करायचं कुठून? रस्त्याकडेला जमिनीत आणखी एक कॉक पुरलेला असतो, तो पालिकेचा. आपण त्याला हात लावायचा नाही, फोन करून वेळ घ्यायची. तुम्ही लाइनमनला पाणी सोडा म्हणून विनवता, आम्ही बंद करा म्हणून विनवलं.

जुना गेट व्हॉल्व होता. वरचं चाक गरागरा फिरायचं, आतली पाती ढिम्म. (आपल्या कॉलनीचे अध्यक्ष आठवले.)

जावई थेट पाना घेऊनच निघाले होते. मी आधी गीझरची वीज बंद करायला लावली. टाकी रिकामी आणि वीज चालू, तर कॉइल जळते. मग सगळ्यांत खालचा नळ उघडून पाइपातलं पाणी काढलं. घराचं अर्थिंग तांब्याच्या पाइपालाच जोडलेलं, म्हणून कापण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून दोन्ही बाजू जोडणारी जाड तार लावून घेतली. लाकडी घरात डाग द्यायला ज्योत नको, म्हणून पान्याने आवळायचा बॉल व्हॉल्व आणला. पाव फेरा, पाणी बंद.

पाणी हळूहळू सोडलं. नळ आधी फुसफुसला, आणि मी सवयीने "पाणी आलं!" म्हणत बादल्या घेऊन धावले. तुमचा नातू हसून लोळला. त्याला सांगितलं, मलिक अंबरने चारशे वर्षांपूर्वी डोंगरातलं पाणी खापरी नळांतून आपल्या शहरात आणलं होतं. तो म्हणाला, "मग आता?" त्याला अभ्यासाला बसवलं.

हौदाच्या तोंडावरचा कॉक तुम्हीही बदलून घ्या. मोटरचा स्विच आधी बंद करा. नवा कॉक मधूनमधून उघड-बंद करत जा, नाहीतर जाम होतो.

तुमची,
ताई

ता. क. जावयांनी जुना व्हॉल्व टाकू दिलेला नाही. दिवाळीत तुम्हाला दाखवायला आणणार आहेत. विमानतळावर त्या पितळी गोळ्याबद्दल काय सांगायचं, ते तेवढं सुचवा.