जाळावा की पुरावा?

पनवेलचा कचरा सकाळी घंटागाडीत बसतो आणि तळोज्याजवळच्या चाळ गावच्या क्षेपणभूमीवर जाऊन पडतो. जागा सिडकोची, महापालिका २०१६ साली जन्मली आणि कचरा उचलण्याचे काम पुढे तिच्या गळ्यात आले. आसपासच्या गावकऱ्यांच्या वाट्याला वास आला. अलीकडे या वासाला हवामानबदलाचे वजन आल्यामुळे शहरातल्या सुशिक्षितांनाही तो येऊ लागला आहे.

साहजिकच सोसायट्यांच्या सभांत दोन पंथ पडले. पुरणपंथी (यांचा पोळीशी संबंध नाही) आणि जाळपंथी.

पुरणपंथीयांची अडचण ढिगाच्या पोटात आहे. तिथे हवा पोहोचत नाही, म्हणून कालची भाजी कुजून मिथेन होतो. कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात सुमारे २८ पट आणि वीस वर्षांच्या हिशेबात ८० पट तापवतो. मुंबईतल्या एका कचराभूमीतून तासाला जवळपास १० टन मिथेन निसटतो, असा अंदाज उपग्रहांच्या नोंदींवरून २०२२ मध्ये निघाला. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईच्याच देवनार कचराभूमीतल्या आगीचा धूरही अवकाशातून दिसला होता. नागरी कारभार इतक्या उंचीवर क्वचितच पोहोचतो.

जाळपंथीयांचे गणित त्याहून मौजेचे. टनभर कचरा जाळला की ढोबळमानाने टनभर कार्बन डायऑक्साइड धुराड्यातून जातो. त्यातला केळीच्या सालीचा वाटा धरत नाहीत, कारण केळीने तो कार्बन हवेतूनच घेतला होता. दुधाच्या पिशवीचा धरतात, कारण ती जमिनीखालच्या तेलातून आली. आता भट्टी पेटते ती पिशवीच्या जोरावर. साल नुसतेच पाणी घेऊन येते. म्हणजे काम करणाऱ्याच्या नावावर पाप आणि भिजवणाऱ्याला माफी. हा न्याय कोणत्याही सरकारी कार्यालयात परका वाटणार नाही.

पाण्याची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. दिल्लीत तिमारपूरला १९८७ साली डॅनिश तंत्राचा रोज ३०० टनांचा प्रकल्प उभारला गेला आणि काही आठवड्यांतच थंडावला, कारण कचऱ्यात पुरेशी ऊबच नव्हती. डेन्मार्कच्या भट्टीने उसळीचा रस्सा कधी पाहिला नसावा. तरीही मोशीला पिंपरी-चिंचवडचा रोज ७०० टनांचा प्रकल्प २०२३ मध्ये सुरू झाला. कचरा जाळून वीज करण्याची त्याची क्षमता सुमारे १४ मेगावॉट.

वायू गोळा न करणाऱ्या ढिगापेक्षा भट्टी बहुधा बरी ठरते, हे मान्य करायला हवे. पण त्यातही मेख आहे. भट्टीच्या विजेने कोळशाची वीज वाचली, असे धरून तिच्या खात्यात पुण्य जमा होते. कोळसा जितका काळा, तितका कचरा निर्मळ! उद्या छपरोछपरी सौरपट्ट्या आल्या, तर भट्टीचे पुण्य आपोआप आटेल. तेव्हा खऱ्या जाळपंथीयाने कोळशाला दीर्घायुष्य चिंतायला हवे.

ओला कचरा घरीच वेगळा काढून त्याचे खत केले, तर ढिगात मिथेन फारसा होणार नाही आणि भट्टीत पाणीही जाणार नाही. यावर दोन्ही पंथांचे एकमत आहे, नियमही तेच सांगतात. मात्र दोन बादल्यांच्या योजनेला ना प्रकल्प अहवाल लागतो, ना सल्लागार, ना उद्घाटनाला मंत्री. इतक्या उणिवा असलेला प्रस्ताव सभेपुढे ठेवायचा तरी कसा, हा सचिवांचा पेच आहे.