विंचवाला कार्ड दाखवा

२०२३ साली सरकारने महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना राज्यात सर्वांना लागू करायचे ठरवले. कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचे विमा संरक्षण. सार्वत्रिक आरोग्यसेवेचा वाद मिटलाच म्हणायचा. आता पोलादपूरच्या एखाद्या डोंगरवाडीत लाल विंचू डसला, तर त्याला तेवढे योजनेचे कार्ड दाखवायचे. याच भागात, महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसले. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या स्वस्त गोळीने मृत्यूंचे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आणले. यात विमा कुठे होता? डॉक्टर होता, आणि तो जागेवर होता. (हल्ली ही दुसरी अट जरा जाचकच.)

कोणी म्हणेल, हृदयाची शस्त्रक्रिया गोळीने होत नाही, कर्जात बुडणाऱ्या घराला कार्डच तारते. कबूल. पण कार्ड बिल भागवते, आणि बिल होण्यासाठी रुग्ण आधी जिवंत पोचावा लागतो. योजनेचा पैसा माणूस दाखल झाल्यावर हलतो. विष तेवढा धीर धरत नाही. त्यासाठी डॉक्टर जवळच्या आरोग्य केंद्रातच हवा. केंद्रांसाठी पैसा नाही म्हणावे, तर योजनेची देयकेही त्याच सरकारी तिजोरीतून निघतात.